घराचे काम उक्ते देताना: ठेकेदाराशी लेखी करार कसा करावा

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस नकाशावर आणि फरशीच्या रंगावर महिनोन्महिने विचार करतो, पण ज्याच्या हाती सगळे काम सोपवायचे त्या ठेकेदाराशी होणारा व्यवहार बहुतेक वेळा डायरीच्या एका पानावर आटोपतो. दर अमुक, इसार तमुक, सिमेंट-सळई-वाळू मालकाची, अशा तीन ओळी, खाली तारीख आणि ओळखीच्या मध्यस्थाचा शब्द. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार असा व्यवहार वैधच असतो. तोंडी करारही करारच. पण जे तीन ओळींत आलेले नसते, त्याबद्दल मालक ‘ते तर दरात आलेच’ असे धरून चालतो आणि ठेकेदार ‘ते वेगळे’ असे धरून चालतो. मी पाहिलेली बहुतेक भांडणे याच दोन वाक्यांमध्ये अडकलेली होती. मुद्दाम केलेल्या फसवणुकीतून उद्भवलेली त्यांत फार थोडी. लेखी करार करायचा तो प्रामुख्याने ही दोन वाक्ये काम सुरू होण्याआधीच समोरासमोर आणण्यासाठी. पुढील विवेचन महाराष्ट्रात स्वतःच्या राहण्यासाठी एक किंवा दोन मजली घर बांधणाऱ्या आणि हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

पहिली पायरी: व्यवहाराचा प्रकार ठरवणे

काम देण्याचे तीन प्रकार रूढ आहेत. रोजंदारीत गवंडी आणि बिगारी यांना दिवसाची मजुरी द्यायची आणि देखरेख आपण करायची. मजुरी उक्त्यात सगळा माल मालकाने आणून द्यायचा आणि ठेकेदाराने चौरस फुटाच्या किंवा बाबवार (प्रत्येक कामाच्या वेगळ्या) दराने काम पूर्ण करून द्यायचे. मालासह उक्त्यात माल आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराची. आपला करार यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्याच कलमात लिहावे, कारण कर, मुद्रांक आणि जबाबदारी हे सगळे त्यावरून ठरते. उदाहरणार्थ, गृहसंकुलाचा भाग नसलेल्या एकट्या घराच्या नव्या बांधकामाचे निव्वळ मजुरीचे कंत्राट वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. मालासह कामाला ही सूट मिळत नाही. त्यामुळे मालासह काम देताना ‘दर करासह’ की ‘कर वेगळा’ हे दोन शब्द लिहायचे राहिले, तर शेवटच्या बिलाला मोठा धक्का बसू शकतो.

ठेकेदार हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, आपला नोकर नाही, असे कलम बहुतेक नमुन्यांत असते आणि ते असावेच. मात्र केवळ लिहिल्याने तसे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात मिठागरांतील अगरियांचा (मीठ पिकवणाऱ्यांचा) प्रश्न तपासला होता. ते उत्पादनानुसार पैसे घेत आणि मदतीला स्वतःची माणसे लावत. तरीही कामाची पद्धत कंपनीच्या नियंत्रणाखाली असल्याने ते कामगारच आहेत, हा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला. म्हणून करारात खरी स्थिती उतरवावी: हत्यारे, मिक्सर आणि सेंट्रिंगचे (काँक्रीट ओतण्याच्या तात्पुरत्या साच्याचे) साहित्य ठेकेदाराचे आहे, माणसे तोच नेमतो व त्यांची मजुरी तोच देतो, कामाचा क्रम आणि माणसांची संख्या तो ठरवतो, आणि काम बिघडले तर स्वखर्चाने दुरुस्त करून देतो. हे लिहून झाल्यावर रोज सकाळी साइटवर जाऊन बिगाऱ्यांना परस्पर हुकूम देणे मालकानेही थांबवावे. सूचना द्यायची ती ठेकेदाराला किंवा त्याने नेमलेल्या मुकादमाला.

दुसरी पायरी: समोरचा पक्ष नेमका कोण, हे पाहणे

हे काम छोटे आहे. ठेकेदाराचे पूर्ण नाव, कायमचा पत्ता, आधार आणि पॅनची प्रत, बँक खात्याचा तपशील आणि व्यवसाय भागीदारीत असेल तर सर्व भागीदारांची नावे घ्यावीत. पुष्कळदा बोलणी एका भावाशी होतात, काम दुसरा भाऊ पाहतो आणि पैसे न्यायला तिसराच येतो; अशा वेळी करारावर सही कोणाची आणि रक्कम कोणाच्या खात्यावर, हे एकाच नावाशी जुळले पाहिजे. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण केलेली दोन घरे पाहावीत आणि त्या घरांच्या मालकांना एकच प्रश्न विचारावा: स्लॅब ओतून झाल्यानंतर हा माणूस वेळेवर येत होता का? या प्रश्नाचे महत्त्व पैशांच्या पायरीत स्पष्ट होईल.

तिसरी पायरी: कामाची व्याप्ती लिहिणे

कराराचा निम्मा वेळ इथे घालवला तरी तो वाया जाणार नाही. आर्किटेक्टचा मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटची) रेखाचित्रे यांच्या प्रती क्रमांक व तारखेसह कराराला जोडाव्यात आणि प्रत्येक पानावर दोघांनी सह्या कराव्यात, कारण काम चालू असताना रेखाचित्र बदलते, जुनी प्रत साइटवर तशीच राहते आणि नंतर कोणते खरे यावर वाद होतो.

त्यानंतर कामाची यादी पायापासून गच्चीपर्यंत क्रमाने लिहावी: आखणी, खोदाई, पीसीसी (सळईशिवायचे काँक्रीट), फुटिंग (कॉलमखालचा पाया), कॉलम, जोत्याचा बीम, जोत्यातील भराव, वीटकाम किंवा ब्लॉकचे काम, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी), छज्जे, स्लॅब, जिना, पॅरापेट (गच्चीचा कठडा), आतला व बाहेरचा गिलावा, फरशी. एवढे सगळेच लिहितात. भांडण होते ते यादीत न मावणाऱ्या किरकोळ वाटणाऱ्या कामांवरून, म्हणून त्यांची स्वतंत्र यादी करून प्रत्येकापुढे ‘दरात’ किंवा ‘वेगळे’ असे लिहून घ्यावे.

या दुसऱ्या यादीत माझ्या अनुभवाने पुढील बाबी आल्याच पाहिजेत. जोत्यात मुरूम टाकणे एक आणि तो थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करणे (ठोकून घट्ट बसवणे) दुसरे. ट्रॅक्टरवाला मुरूम ओतून जातो आणि पसरायचा कोणी यावर दोन दिवस जातात. सिमेंटच्या गोण्या आणि सळई गाडीतून उतरवून घेण्याची हमाली कोणाची? काँक्रीटवर, वीटकामावर आणि गिलाव्यावर पाणी कोणी मारायचे? बहुतेक ठेकेदार हे काम मालकाचे समजतात आणि बहुतेक मालक ठेकेदाराचे, आणि भिंत मात्र कोरडी राहते. मिक्सर, व्हायब्रेटर व लिफ्टचे भाडे आणि डिझेल कोणाचे? इलेक्ट्रिशियन व प्लंबरने भिंतीला पाडलेल्या झिऱ्या (खाचा) बुजवायच्या कोणी? दाराच्या चौकटी आणि खिडक्यांचे ग्रील बसवणे, स्वयंपाकघराचा ओटा, माळे, देवघराचा कोनाडा, गच्चीवरील टाकीचा कट्टा, सेप्टिक टँक, पाण्याची जमिनीतील टाकी, कंपाउंड, फाटकाचे खांब, गच्चीचा उतार आणि कोब्याचे वॉटरप्रूफिंग, शेवटी राडारोडा उचलून नेणे. साइटवर सिमेंटची राखण करणारा माणूस, मजुरांच्या खोपटाची जागा, बांधकामाचे पाणी आणि महावितरणची तात्पुरती वीजजोडणी यांचेही उत्तर त्याच पानावर असावे.

ही यादी समोर ठेवली की ठेकेदार दर थोडा वाढवून मागेल. मागू द्यावा. यादीशिवाय मिळालेला कमी दर नंतर ‘वेगळे’ म्हणून वसूल होतोच, आणि तोही आपल्याला नाही म्हणता येत नाही अशा वेळी.

चौथी पायरी: दर आणि मापाची पद्धत

‘चौरस फुटाला इतके’ हे वाक्य अपुरे आहे. कोणता चौरस फूट, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा, बाहेरच्या भिंतींसह घराचे क्षेत्र १,००० चौरस फूट आहे, गॅलरी ८०, छज्जे ९०, जिन्यावरची खोली ११० आणि टाकीचा कट्टा ४० चौरस फूट आहे. सगळे पूर्ण धरले तर माप १,३२० चौरस फूट होते. गॅलरी व छज्जे निम्मे धरले, जिन्यावरची खोली पूर्ण धरली आणि टाकीचा कट्टा वगळला, तर तेच माप १,१९५ होते. समजा दर ४०० रुपये असेल, तर या १२५ चौरस फुटांच्या फरकाची किंमत ५०,००० रुपये होते, आणि दोन्ही पद्धती बाजारात प्रामाणिकपणे वापरल्या जातात. माझ्याच घराच्या वेळी अशाच एका छज्ज्यावरून ठेकेदाराशी माझी तीन आठवडे अबोल्याची स्थिती होती. चूक माझी, कारण ‘स्लॅब एरिया’ हा शब्द मी लिहिला होता, पण त्याचा अर्थ लिहिला नव्हता. म्हणून करारात शब्दाऐवजी उदाहरण लिहावे: नकाशावरील प्रत्येक भागाचे नाव, तो पूर्ण, निम्मा की शून्य धरायचा ते, आणि नकाशानुसार होणारी एकूण बेरीज. प्रत्यक्ष बांधकाम नकाशापेक्षा कमीजास्त झाले तरच पुन्हा मोजणी.

बाबवार दराने काम देत असाल तर मोजणी भारतीय मानक १२०० प्रमाणे होईल असे लिहिणे सोयीचे असते, कारण दारे-खिडक्यांची वजावट त्यात ठरलेली आहे. गिलाव्यात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही, आणि कडांचेही वेगळे माप धरायचे नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंतच्या जागेची एकाच बाजूची वजावट करायची. ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजूंची वजावट करून कडांचे माप धरायचे. वीटकामात ०.१ चौरस मीटरपर्यंतची भोके वजा होत नाहीत. ब्रासमध्ये बोलणी होत असतील, तर खडी, वाळू, मुरूम आणि खोदाईचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि गिलाव्यासारख्या पृष्ठभागाच्या कामाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, हे एकदा लिहून टाकावे. ऐकणाऱ्याला ते बालिश वाटले तरी चालेल.

दर काम संपेपर्यंत स्थिर राहील की मजुरी वाढल्यास वाढेल, हेही एका वाक्यात लिहावे. वर्षाच्या आत संपणाऱ्या मजुरी उक्त्यात दर स्थिर ठेवणे योग्य ठरते. मालासह कामात सिमेंट आणि सळईच्या भावात मोठा चढउतार झाल्यास काय, याचे सूत्र असावे: कोणता ब्रँड, कराराच्या दिवशी कोणत्या भावाने धरला आणि किती टक्क्यांपलीकडचा फरक कोणी सोसायचा.

पाचवी पायरी: पैसे कोणत्या टप्प्याला द्यायचे

या करारात मालकाच्या हाती खरे बळ एकच असते, आणि ते म्हणजे अजून न दिलेली रक्कम. त्यामुळे दिलेले पैसे नेहमी झालेल्या कामाच्या किंचित मागे राहतील अशी टप्प्यांची रचना करावी. एकमजली घराच्या मजुरी उक्त्यासाठी मला योग्य वाटणारी वाटणी अशी: कामाच्या सुरुवातीला उचल म्हणून ५ टक्के, जोत्यापर्यंत १५, स्लॅबला ३०, वीटकाम पूर्ण झाल्यावर १५, आतला-बाहेरचा गिलावा झाल्यावर २०, फरशी व किरकोळ कामे संपल्यावर १०, आणि उरलेले ५ टक्के दोष-दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायचे.

स्लॅबचा टप्पा नीट समजून घ्यावा. ठेकेदाराचा सगळ्यात जास्त खर्च आणि सगळ्यात जास्त नफा याच वेळी होतो. सेंट्रिंग, सळईकाम आणि स्लॅबच्या दिवसाची मोठी टोळी यांसाठी तो रकमेचा मोठा भाग मागतो आणि ती मागणी पूर्ण अवाजवीही नसते. मात्र स्लॅबला एकूण रकमेच्या ६०-७० टक्के देऊन बसलेल्या मालकाला पुढे वीटकामासाठी फोन करत बसावे लागते, कारण उरलेल्या रकमेत उरलेले काम करणे ठेकेदाराला परवडत नाही आणि त्याची टोळी दुसऱ्या साइटच्या स्लॅबवर गेलेली असते. म्हणून स्लॅबच्या ३० टक्क्यांपैकी निम्मी रक्कम सेंट्रिंग व सळई इंजिनिअरने तपासल्यावर आणि निम्मी टेकू काढून खालची बाजू पाहिल्यावर द्यावी. जोत्याचा हप्ता शक्य असेल तिथे स्थानिक प्राधिकरणाच्या जोता तपासणीशी जोडावा.

दर शनिवारी मजुरांच्या बाजारासाठी ठेकेदार खर्ची (आठवड्याच्या खर्चापुरते पैसे) मागतो, आणि हप्ता यायचा असताना ती नाकारणे व्यवहारात अवघड जाते. त्यावर उपाय असा की दर आठवड्याच्या खर्चीची कमाल रक्कम करारातच ठरवावी, ती पुढच्या हप्त्यातून वजा होईल असे लिहावे आणि एका वहीत तारीख, रक्कम व सही घेत जावे. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि ती रक्कम तुकड्यांनी घेतली तरी व्यवहार एकच धरला जाऊ शकतो. एका आर्थिक वर्षात एकाच ठेकेदाराला ५० लाखांहून अधिक रक्कम जाणार असेल, तर खासगी घराच्या कामावरही मालकाला उगम करकपात (टीडीएस) करावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर २ टक्के आहे. अशा वेळी सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा.

सहावी पायरी: मुदत

‘सहा महिन्यांत काम पूर्ण करून देईन’ या वाक्यात सुरुवातीचा दिवस नसतो. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, जोता, स्लॅब आणि गिलावा यांच्या मधल्या तारखा कोणत्या, आणि कोणते दिवस मुदतीतून वगळायचे हे लिहावे. जोराच्या पावसाचे दिवस वगळणे न्याय्य आहे. गणपती, दिवाळी आणि गावची जत्रा यांसाठी टोळी किती दिवस जाणार हे ठेकेदाराला आधीच विचारून तेवढे दिवस मोकळेपणाने धरावेत. मराठवाड्यातील मजूर असतील तर दिवाळीनंतर त्यांतले किती ऊसतोडीला जाणार, हेही विचारावे. मालकाने माल वेळेवर दिला नाही तर तितके दिवस मुदत वाढेल, हे कलम ठेकेदार मागणारच, आणि ते द्यावे. फक्त माल किती दिवस आधी मागायचा याचीही अट सोबत घालावी, म्हणजे ‘सकाळी सिमेंट नव्हते’ ही तक्रार दोन्ही बाजूंनी तपासता येईल.

उशीर झाल्यास दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापण्याचे कलम जरूर घालावे, पण ती रक्कम वाजवी ठेवावी. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंड हा आपोआप मिळणारा हक्क नसतो. न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच देते. आपण भाड्याच्या घरात राहत असाल, तर महिन्याचे भाडे आणि कर्जाचे हप्ते यांच्या आधाराने काढलेली रक्कम टिकण्याची शक्यता जास्त. मुदत हा कराराचा गाभा आहे असे दोघांना म्हणायचे असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण कलम ५५ मधील परिणाम, म्हणजे मुदत चुकल्यास करार रद्द करण्याचा हक्क, त्यावर अवलंबून असतात.

सातवी पायरी: कामाचा दर्जा आणि झाकली जाणारी कामे

‘काम चांगल्या प्रतीचे करावे’ या वाक्याचा कोणालाच उपयोग नसतो. त्याऐवजी तपासता येतील अशा चार-पाच गोष्टी लिहाव्यात. काँक्रीटची प्रत इंजिनिअरच्या रेखाचित्राप्रमाणे आणि काम भारतीय मानक ४५६ प्रमाणे असेल. त्या मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या (फ्लाय ॲशसारखे पदार्थ मिसळलेल्या) किंवा कोरड्या-उष्ण हवेतल्या काँक्रीटला निदान १० दिवस ओले ठेवावे लागते. आज बाजारात मिळणारे बरेच सिमेंट मिश्र प्रकारचे असल्याने करारात सरळ १० दिवसांची अट घालावी, आणि १४ दिवस पाणी मारले तर उत्तमच. टेकू काढण्याची घाई ही सेंट्रिंगच्या भाड्याशी जोडलेली असते, म्हणून तिचे दिवसही लिहावेत: साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ व त्यापुढील बीमचे २१ दिवसांनी. मिश्र सिमेंटला यापेक्षा जास्त दिवस लागतात; ते इंजिनिअरकडून लिहून घ्यावेत.

पायाची सळई, कॉलमच्या रिंगा, भिंतीतले पाइप आणि वॉटरप्रूफिंगचे थर ही कामे एकदा झाकली की पाहता येत नाहीत. अशा प्रत्येक कामापूर्वी ठेकेदाराने निदान एक दिवस आधी कळवावे, इंजिनिअरने पाहून वहीत सही करावी आणि सहीशिवाय काँक्रीट ओतल्यास तो भाग ठेकेदाराच्या जोखमीवर राहील, अशी अट असावी. ही वही कराराचाच भाग आहे असे करारात नमूद करावे. इंजिनिअरची प्रत्येक भेटीची फी कोण देणार, हे अर्थातच मालकाने आधी ठरवलेले असावे. फी वाचवण्यासाठी इंजिनिअरला न बोलावणारे मालक ही अट लिहून नुसता कागद वाढवतात.

आठवी पायरी: मजुरांची सुरक्षा आणि विमा

परांचीवरून माणूस पडला, तर करारातील कोणतेही कलम त्या दिवशी आपल्याला घटनास्थळापासून दूर नेत नाही. म्हणून जबाबदारी ठेकेदाराची असे लिहून थांबू नये. ठेकेदाराने आपल्या मजुरांसाठी कामगार भरपाईचा विमा काढावा, त्याची प्रत पहिल्या हप्त्यापूर्वी द्यावी आणि हप्ता कोणी भरायचा ते लिहावे. साइटच्या पत्त्यावर आणि कामाच्या मुदतीपुरता हा विमा मिळतो, आणि घराच्या एकूण खर्चापुढे त्याचा हप्ता किरकोळ असतो. ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर मालकाने स्वतः भरून रकमेत धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हेल्मेट, परांचीचे कठडे, विजेच्या तारांपासूनचे अंतर आणि १८ वर्षांखालील कोणालाही कामावर न ठेवणे, या अटी एका परिच्छेदात याव्यात.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगारांची नोंदणी होते आणि त्यासाठी मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पात्र मजुरांना हा दाखला ठेकेदाराने नाकारू नये, अशी ओळ करारात घालायला काही खर्च येत नाही. बांधकाम खर्चावरील १ टक्का कामगार उपकर साधारणतः परवानगीच्या वेळीच भरून घेतला जातो. त्याची पावती जपून ठेवावी आणि उपकर मालकाने भरला आहे, हे करारात नोंदवावे.

नववी पायरी: मध्येच होणारे बदल

घर बांधताना बदल होतातच. खिडकी सरकते, न्हाणीघर वाढते, पाहुण्यांनी सुचवलेला कट्टा येतो. बदलाला बंदी घालणारे कलम कोणी पाळत नाही. त्याऐवजी पद्धत लिहावी. कोणतेही वाढीव काम सुरू करण्यापूर्वी त्याचा दर आणि वाढणारे दिवस व्हॉट्सॲपवर किंवा वहीत लिहावेत आणि दोघांनी त्याला होकार द्यावा. होकाराशिवाय केलेल्या कामाचे पैसे मागता येणार नाहीत. मालकाच्या घरातील नेमकी कोणती एक व्यक्ती असा होकार देऊ शकते, तेही लिहावे. सासरे एक सांगतात आणि सूनबाई दुसरे, यात बिचाऱ्या गवंड्याने तोडलेली भिंत कोणाच्या खर्चाने परत बांधायची, हा प्रश्न मी एकाहून अधिक घरांत ऐकला आहे.

दहावी पायरी: काम अर्धवट राहिले तर

हे कलम लिहिताना दोघांनाही संकोच वाटतो, म्हणून ते राहून जाते. सलग किती दिवस साइट बंद राहिली म्हणजे काम सोडले असे समजायचे, त्यापूर्वी किती दिवसांची लेखी सूचना द्यायची, आणि नंतर काय, हे लिहावे. सूचनेची मुदत संपल्यावर ठरलेल्या दिवशी इंजिनिअर, मालक आणि ठेकेदार यांनी मिळून झालेल्या कामाचे माप घ्यावे. ठेकेदार आला नाही तर दोन साक्षीदारांसमोर छायाचित्रांसह माप घेऊन त्याची प्रत त्याला पाठवावी. त्या मापाचे पैसे, दिलेली उचल, आणि उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेताना येणारा जादा खर्च यांचा हिशेब कसा करायचा ते सूत्र असावे. ठेकेदाराच्या प्लेटा, बल्ल्या आणि मिक्सर साइटवर अडकवून ठेवण्याचा मोह टाळावा. ते साहित्य अनेकदा भाड्याने आणलेले असते आणि तिसऱ्याच माणसाशी नवा वाद सुरू होतो. उलट बाजूनेही, मालकाने हप्ता ठरलेल्या दिवसांत दिला नाही तर काम थांबवण्याचा अधिकार ठेकेदाराला असावा. एकाच बाजूची शस्त्रे असलेल्या करारावर समंजस ठेकेदार सही करत नाही.

अकरावी पायरी: दोष-दुरुस्ती आणि वाद

बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्याला रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यामुळे ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांबाबत संरक्षण मिळते, हे ऐकून अनेक जण आपल्या बंगल्याच्या ठेकेदारालाही ते लागू आहे असे समजतात. ते संरक्षण प्रवर्तकाविरुद्ध, म्हणजे बिल्डरविरुद्ध आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून करून घेतलेल्या कामाला करारात लिहाल तेवढीच हमी. म्हणून निदान १२ महिन्यांची मुदत लिहावी आणि तीत एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे अशी अट घालावी, कारण मार्चमध्ये ताबा घेतलेल्या गच्चीची परीक्षा जुलैत होते. गळती, गिलावा सुटणे, फरशी पोकळ वाजणे हे दोष सूचनेनंतर किती दिवसांत दुरुस्त करायचे आणि न केल्यास राखीव ५ टक्क्यांतून खर्च भागवला जाईल, हे स्पष्ट असावे. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांना दोष म्हणायचे नाही, हेही लिहिणे ठेकेदाराच्या दृष्टीने रास्त आहे.

मापाचा वाद झाला तर कोणत्या इंजिनिअरचे माप दोघांना मान्य, त्याचे नाव घालावे. मात्र आपल्या पगारी किंवा फी घेणाऱ्या इंजिनिअरला लवाद (न्यायालयाबाहेर निवाडा देणारी व्यक्ती) म्हणून नेमू नये. लवाद कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एखाद्या पक्षाशी असा व्यावसायिक किंवा जवळच्या नात्याचा संबंध असलेली व्यक्ती लवाद होण्यास अपात्र ठरते. लहान कामासाठी लवादाचे कलम मला अनावश्यक खर्चाचे वाटते. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा म्हणून स्पष्ट नमूद आहे, त्यामुळे मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचे शुल्कही नाही. ठेकेदाराला मजुरी वसूल करायची असेल, तर त्याला दिवाणी न्यायालयात साधारणतः तीन वर्षांची मुदत मिळते.

शेवटची पायरी: मुद्रांक आणि सह्या

‘शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ’ हे वाक्य आता जुने झाले आहे. महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारासाठी १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मालासह कामाच्या करारासाठी मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत वेगळी नोंद आहे आणि तिथे शुल्क रकमेनुसार बदलते, त्यामुळे मोठ्या मालासह कामात दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारून घ्यावे. मुद्रांक दोन पक्षांपैकी एकाच्या नावाने घेतलेला असावा आणि खरेदीपासून सहा महिन्यांत वापरावा. कमी मुद्रांकावरचा करार रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही. अशा कराराची नोंदणी करावी लागत नाही. नोटरी ऐच्छिक आहे.

करार ठेकेदाराला वाचता येईल त्या भाषेत असावा. कर्नाटकातून किंवा उत्तर भारतातून आलेल्या ठेकेदाराला मराठी बोलता येत असली तरी वाचता येतेच असे नाही. तेव्हा मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवला आणि त्याला समजला, अशी ओळ खाली घालून वाचून दाखवणाऱ्याचीही सही घ्यावी. सह्या प्रत्येक पानावर, खाडाखोडीशेजारी आणि जोडलेल्या नकाशांवर घ्याव्यात. दोन साक्षीदार असावेत, आणि त्यांतला एक ठेकेदाराच्या बाजूचा असावा. दोन मूळ प्रती करून एक त्याला द्यावी. तिसरी साधी प्रत, निदान ‘दरात’ आणि ‘वेगळे’ ही यादी आणि मापाचे पान, प्लास्टिकच्या पिशवीत घालून साइटवरच्या सिमेंटच्या खोलीत खिळ्याला अडकवावी, म्हणजे मुकादमाला आणि गवंड्यांनाही ती पाहता येईल.